कनिंग, किंग आणि जाणता राजा

‘कनिंग’ म्हणजे कावेबाज, या इंग्रजी शब्दाबद्दलचा एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. दावे तीन. इंग्रजांनी आपलं ‘ज्ञान’ उचललं आणि त्याचं ‘कनिंग’ केलं. ज्ञानाला कावेबाजपणाचा अर्थ चिकटला, कारण त्यांचा स्वभावच कपटी. आणि ‘किंग’ म्हणजे मूळचा ‘कनिंग’, म्हणजेच आपला जाणता राजा.

पहिल्या दाव्यात नातं खरं आहे, पण वंशावळ चुकली. ‘कनिंग’ आला जुन्या इंग्रजीतल्या ‘कुन्नन’वरून. कुन्नन म्हणजे जाणणे. ‘कॅन’ (शकणे) आणि ‘नो’ (know, जाणणे) त्याच घरातले. या सगळ्यांची आणि संस्कृत ‘ज्ञा’ची पणजी एक, म्हणजे चुलत भावंडं, बाप-लेक नव्हेत. उसना घेतलेला शब्द चेहऱ्यावरून ओळखू येतो. आपली ‘लूट’ इंग्रजीत गेली ती लूट म्हणूनच. इथं मात्र आपल्या ‘ज’च्या जागी त्यांचा ‘क’ नेमानं दिसतो: ‘जन’ला ‘किन’ म्हणजे गणगोत, ‘जानु’ म्हणजे गुडघ्याला ‘नी’. (त्या ‘नी’च्या स्पेलिंगमधला मुका ‘के’ एके काळी चांगला बोलायचा.) शिवाय ईस्ट इंडिया कंपनीचं पहिलं जहाज सुरतेला लागलं १६०८ साली. ‘कुन्नन’ त्याच्या सहाशे वर्षं आधीच्या हस्तलिखितांत आहे. मग उचलला कधी?

दुसरा दावा तर निव्वळ राग आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात एसाव ‘कनिंग’ शिकारी आहे, म्हणजे तरबेज. शौल राजासाठी हार्प वाजवायला माणूस शोधतात तोही ‘कनिंग’ हवा, म्हणजे हात बसलेला. जेरुसलेमला विसरलो तर माझा उजवा हात आपलं ‘कनिंग’ विसरो, अशी एका स्तोत्रात शपथ आहे. तिथं कपट घालून वाचा बरं! इंग्लंडच्या खेड्यांत ‘कनिंग मॅन’ असायचा. चोरीला गेलेली वस्तू कुठे आहे ते सांगायचा, करणी उतरवायचा. आमच्याकडची म्हातारी माणसं ‘जाणत्याला विचारून ये’ म्हणायची, तो हाच गडी.

वाईट अर्थही जुनाच. फ्रान्सिस बेकन या इंग्रज निबंधकारानं या गुणावर आख्खा निबंध लिहिला आणि त्याला वाकडं शहाणपण म्हटलं. ज्याला जास्त कळतं त्याच्याविषयी लोकांच्या मनात शंका येते, एवढंच यामागे असावं. ‘क्राफ्टी’ म्हणजे धूर्त, त्याचंही तेच झालं, तो आधी नुसता बलवान होता. आणि आपण काय वेगळं केलं? ‘पोहोचलेला’ साधू म्हटलं की हात जोडतो, ‘पोहोचलेला’ माणूस म्हटलं की खिसा चाचपतो. ‘फार शहाणा आहेस’ हे कौतुक म्हणून शेवटचं कधी ऐकलंत?

तिसरा दावा व्हॉट्सॲपच्या फार आधीचा आहे. टॉमस कार्लाइल या ब्रिटिश लेखकानं १८४१मध्ये वीरपुरुषांवरच्या पुस्तकात ‘किंग’ म्हणजे ‘कॅन-निंग’, समर्थ पुरुष, असं ठासून लिहिलं. व्याख्यानात टाळ्या मिळतील असंच ते आहे, पण चूक. किंगचं जुनं रूप ‘क्युनिंग’, आणि ते ‘क्युन’ म्हणजे कुळ यावरून आलं: कुळाचा, कुळातला. हे ‘क्युन’ म्हणजे वर आलेल्या ‘किन’चंच जुनं रूप. तेव्हा किंगचं आपल्याकडचं भावंड ‘ज्ञा’त नाही, ‘जन’मध्ये आहे. मजकूर लिहिणारा जरा थांबला असता, तर जाणत्या राजाऐवजी राजा जनक हाती लागला असता.