उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली

गुडघे बदलण्याच्या ऑपरेशनवरच्या एका लेखात, ऑपरेशननंतर 'गुडघ्याखाली उशी घेऊन आराम करा' असं म्हटलंय. कृपया असं करू नका. उशीवर बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि पाय पुढे पूर्ण सरळ होत नाही. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, 5 सेकंद धरायचा, असं 10 वेळा, दिवसातून तीन-चारदा. हाच व्यायाम ऑपरेशनआधी महिनाभर सुरू केला तर वॉकरवर उभं राहणं सोपं जातं. दुखतं म्हणून वाकवणं टाळू नका. त्याआधी 15 मिनिटं बर्फ लावा, कापडात गुंडाळून.

आमच्या बेळगावजवळच्या खानापूर, चंदगडकडच्या जुन्या घरांत उंच उंबरे आणि अंगणापलीकडे संडास. पावसाळ्यात तिथली फरशी शेवाळते. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

दुखरा दात, लघवीची जळजळ, वाढलेली साखर हे डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. आणि पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर चोळू नका, त्याच दिवशी बेळगावचं हॉस्पिटल गाठा.