वाघाचा कान

मे महिन्यात ताई दोन्ही मुलांना घेऊन नाशिकहून आमच्याकडे डोंबिवलीला येते आणि तिसऱ्या दिवसापासून "मामा, आज कुठे?" हे सुरू होतं. यंदा मी ऑफिसातून घामाघूम होऊन आलो होतो, हातात पाण्याचा ग्लास होता, आणि बेसावधपणे तोंडातून निघून गेलं, "राणीची बाग." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चार वर्षांच्या ओवीचे डोळे मोठे झालेले बघून मलाही चेव आला. "तिथे वाघ असतो, हत्ती असतो, जिराफ असतो!" यातल्या जिराफाने पुढे मला पुरतं छळलं, कारण तो तिथे नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो बुधवार होता. राणीची बाग बुधवारी बंद असते. हे अख्ख्या मुंबईला माहीत आहे, फक्त मला नव्हतं. भायखळ्याच्या गेटवरून सात माणसं परत आली. पुढच्या आठवड्यात मी हुशार झालो आणि गुरुवार निवडला. पण आदल्या दिवशी, बुधवारी, सार्वजनिक सुट्टी होती. बुधवारी अशी सुट्टी आली की बाग त्या दिवशी उघडी असते आणि साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या दिवशी घेते. म्हणजे गुरुवारी. गेटवरचे रखवालदार काका मला ओळखू लागले होते. "उद्या या," ते इतक्या मायेने म्हणाले की मला त्यांना चहाला घरी बोलवावंसं वाटलं.

म्हणून शुक्रवारी, रजा टाकून, आम्ही तिसऱ्यांदा निघालो. मी, माझी बायको मृणाल, आई, बाबा, ताई, दहा वर्षांचा चिन्मय आणि ओवी. शिवाय सहा पाण्याच्या बाटल्या, दोन छत्र्या, ओवीचे दोन जादा फ्रॉक, कोकम सरबताचा थर्मास आणि आईच्या दशम्यांचा पाचखणी डबा. यातलं जे जे चालत नाही ते सगळं माझ्याकडे होतं. चिन्मयला स्वतःची बाटली झेपत नव्हती, पण प्राण्यांची माहिती असलेलं जाडजूड पुस्तक झेपत होतं.

भायखळ्याला उतरून चालत गेटपाशी आलो तर आईने जाहीर केलं की दशम्या आधी इथेच संपवायच्या. "आत खाऊ देतील, न देतील. आणि दिलं तरी माकडं हिसकावतात." साडेदहा वाजले होते. सगळ्यांनी घरून पोहे खाऊन निघून जेमतेम दोन तास झाले होते. तरीही फुटपाथच्या कडेला, झाडाच्या सावलीत, लसणाच्या चटणीबरोबर प्रत्येकी तीन दशम्या झाल्या. बागेत शिरलो तेव्हा आम्ही सगळेच पोट भरून दुपारी लवंडण्याच्या तयारीत होतो. आतले प्राणीही त्याच तयारीत असणार हे तेव्हा लक्षात आलं नाही.

तिकिटाच्या खिडकीवर मोठ्यांना 50 रुपये, मुलांना 25, आणि आई-वडील व दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर 100, असा दर लिहिलेला होता. ताईने मला कोपराने ढोसलं. तिचं म्हणणं, दाजी नाशिकला आहेत, मग तू, मी आणि मुलं असं कुटुंब दाखव. 50 रुपये वाचतात. मला हे पटलं नव्हतं, पण ताईपुढे आजवर माझं काही चाललेलं नाही. मी खिडकीत वाकून "एक फॅमिली, बाकी तीन मोठे," म्हणालो. आणि कडेवरची ओवी, स्टेशनवर अनाउन्समेंट करतात त्या आवाजात म्हणाली, "हा माझा बाबा नाहीये! हा मामा आहे!"

रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी पूर्ण पैसे मोजले.

आता थोडं बाबांबद्दल. बाबांचं लहानपण परळला गेलं. त्यामुळे राणीची बाग ही त्यांच्या वडिलोपार्जित इस्टेटीसारखी आहे, आणि आपल्या गैरहजेरीत नातेवाइकांनी तिच्यात परस्पर फेरफार केलेत असा त्यांचा एकूण सूर असतो. 1862 साली बाग खुली झाली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं, म्हणून ती 'राणीची'. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण टॅक्सीवाल्यापासून माझ्या बाबांपर्यंत सगळे अजून राणीची बागच म्हणतात. "आमच्या वेळी हत्तीवर बसवून फेरी मारून आणायचे," बाबा आत पाऊल टाकताच म्हणाले. ओवीने लगेच विचारलं, "आणि जिराफावर?"

पहिला मुक्काम अर्थातच पेंग्विन. रांग सरकत होती, चिन्मय पुस्तक उघडून सांगत होता. "हे हंबोल्ट पेंग्विन आहेत. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले. ते मूळचे पेरूचे."

"पेरूवर राहतात?" आईने विचारलं.

"पेरू देश, आजी. पेरू आणि चिली."

"बरं. आणि मिरची कुठेय?" बाबा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर एवढे हसले की रांगेतल्या दोन अनोळखी बायकाही हसल्या.

काचेपलीकडे सोळा-अठरा अंशांची व्यवस्था आणि अलीकडे आम्ही, मे महिन्यातले, दशम्या खाल्लेले. बाबांना बर्फ दिसेना. बर्फाशिवाय पेंग्विन म्हणजे आपली फसवणूक आहे असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पेरूच्या किनाऱ्यावर बर्फ नसतो, हंबोल्टना तो लागतच नाही, हे चिन्मयने तीनदा समजावलं. "कोरियाहून निघून पेरूचे पेंग्विन भायखळ्याला आरामात पोचतात," बाबा म्हणाले, "आणि मला डोंबिवलीहून भायखळ्यापर्यंत बसायला जागा मिळत नाही."

मी फोटो काढला. पेंग्विन अगदी काचेशी आला होता, एका बाजूला मान वाकडी करून. घरी येऊन बघितलं तर त्याच्या पांढऱ्या पोटाच्या मधोमध माझं प्रतिबिंब होतं: दोन्ही खांद्यांवर पिशव्या, गळ्यात थर्मास, काखेत छत्री. पेंग्विन पोटुशी आहे आणि आत हमाल आहे, असा तो फोटो आहे.

पाणघोड्याकडे आलो. पाणघोडा म्हणजे पाणी, आणि पाण्यावर दोन नाकपुड्या व दोन कान. आम्ही बघायला लागलो आणि त्या नाकपुड्याही आत गेल्या. चिन्मय म्हणाला, साधारण पाच मिनिटं श्वास धरतो. बाबांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं आम्ही सात जण आणि आजूबाजूची पंचवीसेक माणसं नुसत्या पाण्याकडे टक लावून उभी होतो. श्वास आम्हीच धरला होता. चौथ्या मिनिटाला ओवीला शू लागली.

हे दिवसभर चाललं. ओवीच्या शूचं आणि प्राण्यांचं काहीतरी आधी ठरलेलं असावं. मी तिला कडेवर घेऊन स्वच्छतागृहापर्यंत पळायचो, दाराशी कोणीतरी बाई बघून "जरा हिला नेता का?" अशी विनवणी करायचो, आणि परत आलो की सगळे एका सुरात म्हणायचे, "अरे, आत्ताच!" पाणघोडा आत्ताच वर आला होता. असा भलामोठा जबडा उघडला होता, मृणालने दोन्ही हात पसरून दाखवला. मला बायकोचे हात दिसले.

मगर मात्र मी नीट बघितली, कारण मगर काहीच करत नव्हती. तोंड उघडं टाकून ती अशी पडली होती की शेजारच्या कॉलेजच्या मुलांमध्ये ती खरी की प्लॅस्टिकची यावर पैज लागली. अंगातली उष्णता कमी करायला मगर तोंड उघडं ठेवते, असं चिन्मय म्हणाला. मी इकडेतिकडे पाहिलं. बाकावर बसलेले बाबा, झाडाला टेकलेली ताई, सगळे तोंड उघडं ठेवूनच होते.

आईचं म्हणाल तर तिने एकही प्राणी धड बघितला नाही. ती झाडं बघत होती. राणीच्या बागेतली झाडं हा खरं तर वेगळ्याच दिवसाचा विषय आहे. गोरखचिंचेचा तो बुंधा बघून माझ्यासारख्या पिशव्या वाहणाऱ्यालाही क्षणभर बसावंसं वाटलं. पण आई अडकली कैलासपतीपाशी. हे फूल फांदीच्या टोकाला येत नाही, थेट खोडातून फुटलेल्या काड्यांवर लगडतं. खाली एक पडलं होतं. आईने ते ओंजळीत घेतलं: गुलाबी, जाड, मांसल पाकळ्या, आत मधोमध पिंडीसारखा गोल आणि त्यावर नागाच्या फण्यासारखी वळलेली तुऱ्यांची कमान. वासही असा की पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या वासांचा विसर पडावा. ते फूल घरी देवापुढे न्यायचं ठरलं आणि ते कुठेही दबू नये म्हणून अर्थातच माझ्या हातात दिलं. त्यानंतर माझा एक हात कायमचा गेला.

तर वाघ.

वाघाच्या काचेपाशी ही गर्दी. वाघ कुठेतरी मागे, झाडोऱ्यात, झोपलेला आहे असं कळत होतं. दहा मिनिटं गेली. आणि ओवीने माझा शर्ट ओढला.

मी परत आलो तेव्हा ताईच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. वाघ उठला होता. चालत काचेपर्यंत आला होता. चिन्मयच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर, थांबून त्याने जांभई दिली होती. बाबांनी "आमच्या वेळी" हे शब्द उच्चारले नव्हते, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. आणि मग तो परत आत जाऊन झोपला होता.

"दिसतो अजून," मृणाल मला समजावत म्हणाली. "तो बघ, त्या दगडामागे. कान."

मी फुलाचा हात उंच धरून, दुसऱ्या हाताने मोबाइल काढून, टाचा वर करून बघितलं. दिसला. दगडाच्या कडेला, तपकिरी-पिवळा, टोकाला जरा काळपट, एक कान. वाऱ्याने की कशाने तो किंचित हललासुद्धा. मी अकरा फोटो काढले. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

दुपारी तीनच्या सुमारास ओवीने जिराफाचा प्रश्न निकराला नेला. भर रस्त्यात फतकल मारून बसली. जिराफ नाही तर निदान हत्ती दाखवा, अशी तडजोड बाबांनी काढली आणि आम्हाला थेट म्युझियमच्या बाजूला घेऊन गेले. तिथे दगडाचा हत्ती उभा आहे.

"हा हलत का नाही?" ओवी.

"दमलाय," बाबा म्हणाले, आणि तिला मांडीवर घेऊन त्यांनी गोष्ट सांगितली. हा हत्ती घारापुरीच्या बेटावरचा. पोर्तुगीजांनी तो पाहिला आणि बेटाचं नावच एलिफंटा ठेवलं. पुढे 1864 मध्ये इंग्रजांनी त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला, तुकडे तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आले आणि 1914 मध्ये जोडून त्याला पुन्हा उभा केला. "तुटला, पण गेला नाही," बाबा म्हणाले. ओवीने त्याच्या दिशेने हात हलवून टाटा केला. त्या दिवशी तिला शू न लागता बघून झालेला हा पहिला प्राणी.

दुसरा बागेतच भेटला: काळा घोडा. ज्या चौकाला त्याचं नाव पडलं तिथून त्याला 1965 मध्ये इथे हलवलं, वर बसलेल्या सातव्या एडवर्डसकट. चौकाने पन्नासेक वर्षं घोड्याशिवाय काढली आणि 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला, पण स्वार नसलेला. चिन्मयने यावर बराच विचार केला. "मग हा राजा उतरून लोकलने तिकडे का नाही जात?" बाबा म्हणाले, "त्यालाही जागा मिळत नसेल."

मी त्या घोड्यासमोर निवांत उभा राहिलो. तो उठून जाणार नव्हता, पाण्यात बुडणार नव्हता, दगडामागे लपणार नव्हता. शेपटीपासून कानापर्यंत पूर्ण दिसलेला माझा तो त्या दिवसातला दुसरा प्राणी. पहिला हत्ती. मगर मी धरत नाही. पैजेचा निकाल लागायच्या आत आम्ही तिथून निघालो होतो.

रात्री दाजींचा मेसेज आला, फोटो पाठवा. ताईने वाघाची जांभई काढली नव्हती. तिचे हात थरथरत होते म्हणे. मृणालच्या मोबाइलची बॅटरी गेली होती. म्हणजे वाघाचा पुरावा फक्त माझ्याकडे. मी अकरातला सगळ्यात स्पष्ट फोटो निवडून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दाजींनी लिहिलं, "वाघ कुठेय यात?" मी फोटोवर लाल गोल काढला, खाली "कान" असं लिहिलं आणि पुन्हा पाठवला. दाजींचा अंगठा आला. पुण्याच्या काकूंनी हात जोडले. चुलतभावाने "थरारक!!" असं लिहिलं.

चिन्मयने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. मग माझ्या कानाशी येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"मामा, याला देठ आहे."