मालिकेतल्या मुलींना कायदा लागू नाही म्हणे! आधी तो वाचा तरी

परवा घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. ‘मुलगी धीट असेल तर तिला मालिकेत टाका’ असा मथळा, खाली पाच मुद्दे, शेवटी ‘प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोचवा’. एरवी असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. पण माझी भाची 13 वर्षांची आहे. शाळकरी मुलांवरच्या एका मालिकेसाठी तिची दुसरी ऑडिशन नुकतीच झाली. आणि वहिनीने त्या मेसेजखाली लिहिलं, ‘खूप उपयोगी माहिती’. मी स्वतः तेराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत अशाच एका मालिकेत होते. त्यामुळे हे सोडून देणं मला जमणार नाही.

पहिला मुद्दा असा: ‘कलाकार मुलांना बालकामगार कायदा लागू होत नाही, त्यामुळे काही अडचण येत नाही.’ यातलं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचं नाही, या नियमातून चित्रपट, मालिका, जाहिरातींत काम करणाऱ्या मुलांना 2016च्या दुरुस्तीने सूट दिली. पण सूट अटींवर आहे, आणि शाळेवर परिणाम होता कामा नये हे त्याच कलमात लिहिलंय. अटी काय, ते केंद्र सरकारच्या 2017च्या नियमांत आहे. मी ते छापून काढून दोनदा वाचले. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. जिथे शूटिंग त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची, त्यासाठी हमीपत्र द्यायचं, आणि ते 6 महिनेच चालतं. सोबत पालकांची संमती द्यायची आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार कोण त्याचं नाव. 5 मुलांमागे असा एक माणूस हवाच. याला ‘कायदा लागू नाही’ म्हणतात का?

मालिकेची शिफ्ट 12 तासांची असते. सकाळी 9 ते रात्री 9, आणि एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपली की त्याच्याही पुढे. मुलीला 5 तासांत मोकळं करायचं तर तिचे सीन सलग लावावे लागतात, सगळ्यांचं वेळापत्रक हलवावं लागतं. माझ्या वेळी हे नियम नव्हते, त्यामुळे तो विषयच निघायचा नाही. आज ते आहेत. पण मुलीची आईच म्हणाली की ‘आम्हाला काही अडचण नाही’, तर सेटवर कोण कशाला आठवण करून देईल?

आणखी एक. भाची पुढच्या वर्षी 14 पूर्ण करेल. ‘मग तर काहीच बंधन नाही’ असं कुणी सांगेल, म्हणून आधीच लिहिते. 14 ते 18 वयासाठी त्याच कायद्यात वेगळी कलमं आहेत: 3 तासांनंतर 1 तास सुट्टी, सगळं धरून दिवसाला 6 तास, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी.

दुसरा मुद्दा पैशाचा. ‘सगळी कमाई मुलीच्या भविष्यासाठी साठते.’ आपोआप काहीही साठत नाही. नियमाने उत्पन्नाचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो, तो सज्ञान झाल्यावर मिळतो. उरलेले 80 टक्के पालकांच्या हातात. माझे पैसे बाबांच्या खात्यात जायचे. त्यातून आमचं घर झालं, दादाचं शिक्षण झालं. मी 18 वर्षांची झाले तेव्हा माझ्या नावावर काहीच नव्हतं. बाबांनी उधळले नाहीत, हे मला माहीत आहे. पण मला कधी विचारलंही नाही.

तिसरा: ‘सेटवरच अभ्यास होतो, उलट मुलं जास्त हुशार होतात.’ दहावीच्या वर्षी मी मेकअपच्या खुर्चीत बसून भूमिती पाठ करायचे. पाठ करायचे, समजून घ्यायला वेळच नव्हता. हेअर ड्रेसर ताई केस ओढायची तशी मान मागे जायची आणि पुस्तक मांडीवरून घसरायचं. एक प्रमेय अर्ध्यावर यायचं तेवढ्यात बाहेरून हाक यायची, ‘शॉट रेडी’. परत आले की पुन्हा पहिल्या ओळीपासून. पास झाले. पण वर्गातल्या मुलींनी कशावरून भांडण केलं, सहलीला कुठे गेल्या, यातलं मला काहीच माहीत नसायचं. त्या माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलायच्या.

आता चौथा मुद्दा, ज्याच्यामुळे मी खरी भडकले. मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं देते: ‘वयापेक्षा मोठी भूमिका मिळाली तर घाबरू नका, अभिनयच तो, मुलगी लवकर समंजस होते.’ आणि दाखला अभिनेत्री अविका गोरचा.

तारखा बघा. अविकाचा जन्म जून 1997चा. जुलै 2008मध्ये ‘बालिका वधू’ सुरू झाली तेव्हा ती 11 वर्षांची होती, आणि तिची भूमिका, आनंदी, हीसुद्धा लहान मुलगीच होती. बालविवाहाची गोष्ट होती, वय आणि भूमिका जुळत होतं. एप्रिल 2011मध्ये ‘ससुराल सिमर का’ आली, तेव्हा तिला 14 पूर्ण झाली नव्हती. तिथे ती लग्नाच्या वयाची रोली होती, पुढे सून झाली, आणि समोरचा नायक वयाने कितीतरी मोठा. तिने ते उत्तम केलं, आजही ती काम करते आहे, तिच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण तिने निभावलं म्हणजे तसं करायला लावणं बरोबर ठरतं का?

मी 15 वर्षांची असताना आमच्या मालिकेत लीप आला. कथा एका रात्रीत 6 वर्षं पुढे गेली. चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला म्हणून मलाच ठेवलं. सोमवारी दोन वेण्या होत्या, गुरुवारी नऊवारी आणि मुंडावळ्या. मॉनिटरसमोर चार मोठी माणसं उभी राहून माझे गाल किती भरलेत, मी नवरी वाटते की नाही, यावर माझ्यादेखत बोलत होती. ‘थोडं कमी कर बेटा.’ त्यानंतर मी डब्यातली पोळी सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादाला देऊन टाकायला लागले. आईला कित्येक महिने कळलं नाही.

त्या लग्नाच्या ट्रॅकमध्येच एकदा ऐन सीनमध्ये मला पाळी आली. नऊवारी नेसलेली, होमाचा धूर डोळ्यांत, आजूबाजूला तीसेक माणसं. कुणाला सांगायचं? हेअर ड्रेसर ताईच्या लक्षात आलं. तिने स्वतःची ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली आणि मला आत नेलं. बाहेरून विचारणा झाली, किती वेळ लागेल. 20 मिनिटांनी मी परत पाटावर बसले आणि हसले, कारण क्लोज-अप राहिला होता. एपिसोडमध्ये तो क्लोज-अप छान दिसला, असं सगळे म्हणाले. याला समंजसपणा म्हणत असाल तर तो माझ्या भाचीला नको. तिने त्या वेळी ‘मला घरी जायचंय’ म्हणावं, आणि तिला घरी जाता यावं.

पाचवा मुद्दा, ‘मोठी झाली की नायिका होतेच’. माझ्यासोबत सात मुली होत्या. आज त्यातली एक अभिनय करते. बाकी आम्ही नोकऱ्या करतो.

चांगलं काहीच नव्हतं, असंही नाही. स्टेजवर, मुलाखतीत, कुठेही बोलताना माझा घसा कोरडा पडत नाही, ते त्या तीन वर्षांमुळे. म्हणून मी वहिनीला ‘नको’ म्हटलेलं नाही.

काल भाचीशी फोनवर बोलले. तिला काम करायचंय, नाचायचंही आहे. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही हेही त्याच नियमांत आहे, म्हणून तिला सरळ विचारलं, नक्की तुलाच हवंय ना? ती हो म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, ‘आत्या, डिसेंबरची सहल चुकेल का गं?’ मी खोटं नाही सांगितलं. चुकू शकते, म्हणाले.

वहिनी, रविवारी मी डोंबिवलीला येते आहे. तोवर कशावरही सही करू नकोस. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे दोन गोष्टी माग: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत, आणि सेटवर मुलांसाठी नेमलेल्या माणसाचं नाव. आणि भाचीच्या नावाने खातं उघडायला तिचं आधार कार्ड काढून ठेव, सोमवारी आपण दोघी बँकेत जाऊ.