मावशी, ती गेली का?

मागच्या आठवड्यात भाचीला घेऊन कथकच्या कार्यक्रमाला गेले होते. ती नऊ वर्षांची आहे, डोळ्यांना उजेड-सावली एवढंच कळतं. पण तबला कानावर पडला की मांडीवर ठेका धरते, म्हणून म्हटलं हिला मजा येणारच, घुंगरू आहेत, पढंत (नाचाचे बोल तोंडाने म्हणणं) आहे, अजून काय पाहिजे!

पहिला अर्धा तास झकास गेला. तत्कार, म्हणजे पायांचं काम, सुरू झाल्यावर बाईसाहेब खुर्चीतच पाय आपटायला लागल्या, तिहाई (तीनदा येणारा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की बरोब्बर "धा!" आणि पुढच्या रांगेतले काका वळून बघतायत. मग आली घूंघटाची गत, म्हणजे चाल आणि हावभावांचा तुकडा. नाचणारी हळूच पदर वर करते, नजर फिरवते, घुंगरू जवळजवळ गप्प, नुसता लेहरा (तालाची तीच तीच धून) वाजतोय, सगळा हॉल वाह वाह करतोय आणि ही माझ्या कानात विचारते, "मावशी, ती गेली का?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कथक काय, ऐकूनही कळतं असं आपण बिनधास्त म्हणतो, पण तिला कळला तो तबला, नाच राहिलाच की. मी कुजबुजून सांगायला लागले तर काकांनी शुक् केलं (त्यांचं तरी काय चुकलं म्हणा).

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात १९८१ पासून नाटकाला ऑडिओ डिस्क्रिप्शन आहे, म्हणजे एकजण बघून सांगतो आणि ज्याला हवं त्याच्या इअरफोनमध्ये ते ऐकू येतं. आता काही ठिकाणी प्रयोगाआधी टच टूरपण असते, स्टेजवर जायचं, कपडे, सामान हाताळून बघायचं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २९ आहे, सांस्कृतिक जीवनात बरोबरीचा हक्क वगैरे सगळं लिहिलंय, आणि प्रत्यक्षात काय तर फुकट पास, मागची रांग आणि स्टेजवरून "आज आपल्यात काही विशेष मुलं आली आहेत" म्हणून टाळ्या. मला त्या टाळ्यांचा फार राग येतो. पहिल्या रांगेत बसवा ना, लाकडी स्टेजचा दणका तरी पायातून जाणवेल.

कार्यक्रम संपल्यावर मी हिंमत करून आत गेले. त्या ताईने घामाघूम असतानाच हिचा हात स्वतःच्या मनगटावर ठेवला आणि घूंघट परत करून दाखवला, एकदम सावकाश, मग मान, मग खांदा. ही हसायलाच लागली, "एवढंच होतं होय? मग सगळे का ओरडत होते?" मग घुंगरू हातात घेऊन, "बापरे, एवढं ओझं!" ही पाच मिनिटं शो सुरू व्हायच्या आधी मिळाली असती तर तिला घूंघटाच्या गतीतली ती शांतता कळली असती, खर्च शून्य रुपये.

त्या क्लासचा पुढचा कार्यक्रम दिवाळीनंतर आहे. मी म्हटलंय आधी तालमी बघते, लिहून काढते आणि कॉमेंट्री मीच करते. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "तू नको मावशी, तू तबल्यावर पण बोलशील."