गळक्या रेडिएटरचा सांभाळ

पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या नाकाखाली रोज सकाळी हिरवट थारोळं दिसू लागलं, तर घाबरू नका. 'एसीचं पाणी असेल' म्हणा. मे महिन्यात हे सगळ्या सोसायटीला पटतं. एसीच्या पाण्याला रंग नसतो आणि ते हाताला चिकटतही नाही, असं सांगणारा एखादा शेजारी निघतोच. त्याच्याशी बोलणं कमी करा.

मग हळद. दोन मुठी रेडिएटरमध्ये टाका. हायवेवरचा हा जुना उपाय लागूही पडतो. हळद भिजते, फुगते आणि चिरेत जाऊन बसते. मात्र ती फक्त चिरेतच बसेल, शेजारच्या बारीक नळ्यांत शिरणार नाही, एवढी श्रद्धा हवी.

हळदीने भागलं नाही तर एम-सील. पद्मिनी-अँबेसेडरच्या काळी रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. कारागीर टाक्या सोडवून नळ्यांतून सळई फिरवायचा आणि डाख देऊन गाडी परत द्यायचा. नंतरच्या गाड्यांत जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या. ते प्लास्टिक तापून तापून ठिसूळ होतं आणि बहुधा सांध्यावरच तडकतं. तिथे डाख लागत नाही. रेडिएटरच्या झाकणावर बहुतेक वेळा ०.९ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे आत तेवढा बार दाब राहतो आणि त्यामुळेच पाणी शंभराऐवजी साधारण ११८ अंशांना उकळतं. एम-सीलला आकडे वाचता येत नाहीत, हे आपलं नशीब.

कुलंटवर, म्हणजे रेडिएटरमधल्या त्या हिरवट द्रवावर, पैसे घालवू नका. बोअरचं पाणी फुकट असतं. त्यातल्या क्षारांचा आतून थर बसला की एखादं भोक आपोआप बुजतं. नळ्याही बुजतात, पण त्या कुठे दिसतात?

नवा रेडिएटर घ्यायचाच नाही, हे एकदा ठरलं की 'पार्ट मिळत नाही' ही सबब सोयीची. मारुती ८००साठी मात्र ती वापरू नका. तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी दुकानदार रेडिएटर काढून समोर ठेवतो. पंचाईत होते.

आता गाडी खंबाटकी घाटात न्या. सहकुटुंब. चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकेल. गाणी मोठ्याने लावा. थोड्या वेळाने काटा चक्क खाली येईल. याचा अर्थ पाणी इतकं उतरलं, की सेन्सर कोरडा पडला. तो वाफेचं आणि हवेचं तापमान सांगतोय, इंजिनाचं नाही. आपण मात्र 'बघ, झाली थंड' असं म्हणून गिअर बदलायचा.

बॉनेटमधून वाफ आल्यावर रेडिएटरचं झाकण लगेच उघडावं, असं प्रत्येक घाटात कुणीतरी सुचवतो. तो स्वतः चार पावलं मागे का उभा असतो, हे विचारू नये. इंजिन तापलेलं असतानाच त्यात बिसलेरीचं गार पाणी ओतणाराही भेटेल.

पुढचं गॅरेजवाला सांभाळतो. ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं असतं, इंजिनाच्या वरच्या भागाचं, म्हणजे हेडचं, गॅसकेट गेलेलं असतं, हेड वाकलेलं असतं. हेड उतरवणं, लेथवर फेसिंग, नवं गॅसकेट, नवं ऑइल, वर मजुरी आणि टोइंग. बिलाच्या मागच्या बाजूला किती रेडिएटर आले असते याचा भागाकार करू नका. तो विचारेल, "साहेब, एवढं उघडलंच आहे, तर रेडिएटरही नवा टाकू?"

"नको," म्हणा, "अजून वर्षभर काढेल."