रस्ता वर गया, घर खाले ऱ्हायनं

आमच्या घराला पूर्वी चार पायऱ्या होत्या. आता एकही नाही. घर खचलेलं नाही, गल्ली वर आली आहे. आधी खडी-डांबर झालं, मग काँक्रीट, मग त्यावर पेव्हर ब्लॉक. जुनं कुणी एकदाही खोदलं नाही. गेल्या जुलैत रात्री तासभर पाऊस लागला आणि गल्लीचं सगळं पाणी ओटा ओलांडून मधल्या घरात आलं. आईने उंबऱ्याला गोणपाट लावलं. आम्ही दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, गोण्या उचलून खाटेवर ठेवल्या, तरी खालची एक भिजलीच. सकाळी समोरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, रस्ता वर गया, घर खाले ऱ्हायनं."

याच गावात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठावर, नळाला सहा दिवसांआड पाणी येतं. टाकी आहे, मोटार आहे, विहिरीला पाणीही आहे. व्हॉल्व्ह खराब आहे, आणि त्याला पैसा नाही म्हणतात.

ज्या गावात तीनदा रस्ता होतो, तिथे व्हॉल्व्हला पैसा का नाही, हे मी चार महिने विचारत फिरलो. गावातल्या मूलभूत सुविधांचं सरकारी खातं पंचवीस-पंधरा असो, रस्त्यांचं तीस-चोपन्न असो, आमदार निधी असो की पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीची वार्षिक योजना असो, बहुतेक पैसा येतो तो नव्या कामासाठी. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, फलक लागतो. व्हॉल्व्ह बदलल्याचा फलक कोण लावणार? शिवाय मार्च एंड. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर यातच वर्ष सरतं आणि मग जे पटकन होईल ते घेतलं जातं: काँक्रीट, ब्लॉक, हायमास्ट, सभामंडप. गटारीला उतार काढावा लागतो, दोन घरांचा जुना वाद मिटवावा लागतो. म्हणून गटार दरवर्षी राहते.

पण सगळं वरच्यांवर ढकलून मोकळं होता येत नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीला मिळाला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, आणि त्यात पाणी योजनेची देखभाल-दुरुस्ती बसत होती. म्हणजे आमच्या व्हॉल्व्हला पैसा होता. तो गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात धरलेला नव्हता. आराखडा ग्रामसभेत ठरतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा आम्ही अकरा जण होतो. पाच मिनिटांत वाचन झालं आणि बाकीच्यांच्या सह्या रजिस्टर घरोघरी फिरवून घेतल्या. इतकी वर्षं ते रजिस्टर माझ्याही दारात आलं आहे आणि मीही सही केली आहे. याची मला मनापासून लाज वाटते.

आपल्या खान्देशाला हे शोभत नाही. याच पांझरेवर आपल्या बापजाद्यांनी गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालवली. बंधारा, त्यातून निघालेला पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. आणि हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळे लाभधारक उतरायचे. बांधणं एकदाच होतं, पाट दरवर्षी साफ करावा लागतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपल्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखायचे नियम स्वतः केले, ते मोडणाऱ्याला दंड लावला आणि डोंगर हिरवा केला. त्याच कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे आधी गाव एकत्र बसलं, पैसा नंतर आला.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावातल्या रस्त्याच्या कोणत्याही नव्या इस्टिमेटमध्ये जुना थर खोदून काढण्याची बाब असावी आणि शाखा अभियंत्याने दोन्ही बाजूंच्या ओट्यांची पातळी घेतल्याशिवाय काम सुरू होऊ नये. गटार आधी, रस्ता नंतर. आणि पाणी योजना दुरुस्तीची रक्कम आराखड्यात पहिल्या ओळीत लिहावी, उरलंसुरलं म्हणून शेवटी नाही.

परवा मी आणि गल्लीतल्या दोन पोरांनी दोरी आणि नळीतलं पाणी धरून सतरा घरांची मापं घेतली. नऊ घरं रस्त्याच्या खाली आहेत. आमचा ओटा चार बोटं खाली आहे. मापांचा कागद अर्जाला जोडून ग्रामपंचायतीत दिला आणि पोच घेतली. येत्या ग्रामसभेत तो वाचून दाखवणार आहे. गावातल्या ज्यांच्या घरात पाणी शिरतं, त्यांनी त्या दिवशी शेतात जाण्याआधी तासभर यावं. सही तिथेच बसून करू.