व्याज ‘वसूल’ होत नाही: गृहकर्ज आणि एसआयपीच्या त्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी नवे कपडे घालून येतो. कधी रील म्हणून, कधी पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत, कधी एखाद्या इस्टेट एजंटच्या फोन नंबरासकट. या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याच्या मुलानं टाकला. तो चाकणला नोकरी करतो, मोशीत त्यानं फ्लॅट घेतलाय, आणि खाली विचारलं होतं, “ताई, हे खरं का?” अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढली म्हणून घरातले असे प्रश्न माझ्याकडे येतात.

मेसेज थोडक्यात असा (एसआयपी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकणं): ‘५० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ४३,३९१. बँक व्याजापोटी ५४ लाख घेणार. घाबरू नका! पहिल्या महिन्यापासून फक्त ५,४२० रुपयांची एसआयपी लावा. १२ टक्क्यांनी २० वर्षांत ५४ लाख होतात. सगळं व्याज वसूल, घर बिनव्याजी! म्हणून कर्ज कधीही लवकर फेडू नका, उलट मिळेल तेवढं घ्या. वर टॅक्सही वाचतो.’

आधी एक कबूल करते. आकडे बरोबर आहेत. हप्ता ४३,३९१ च येतो, व्याज ५४ लाख १४ हजार होतं, आणि ५,४२० रुपये दरमहा १२ टक्क्यांनी वीस वर्षांत ५४ लाख १५ हजारांवर पोचतात. लबाडी गुणाकारात नाही, कशासमोर काय मांडलंय त्यात आहे.

‘सगळं व्याज वसूल’

५,४२० गुणिले २४० महिने म्हणजे १३ लाख रुपये. ते तुमच्याच खिशातून गेले. म्हणजे फंडाने कमावून दिले ते ४१ लाख. स्वतःचे १३ लाख परत मिळाले, त्याला वसुली म्हणायची असेल तर मग एफडी मोडली तरी वसुलीच.

पण ही चूक तशी लहान. मोठी चूक अशी की या एसआयपीचा त्या कर्जाशी काही संबंधच नाही. तुम्ही भाड्याच्या घरात राहून ५,४२० ची एसआयपी केली असती तरी हेच ५४ लाख आले असते. मग ते गृहकर्जाच्याच व्याजाच्या नावावर का मांडायचे? याच हिशेबानं वीस वर्षांचं लाइट बिल वसूल झालं म्हणता येईल, मुलांची फी वसूल झाली म्हणता येईल. एकच रक्कम आहे, तिला कुठलंही लेबल चिकटवा. बँकेचे ५४ लाख गेले ते गेलेच.

शिवाय व्याज आणि परतावा एका वेळचे नाहीत. या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याज असतं, मुद्दल फक्त ७,९७४. पहिल्या वर्षात तुम्ही ५ लाख २१ हजार भरता आणि कर्ज उतरतं एक लाखाच्याही आत. अर्धं मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. म्हणजे व्याज बरंचसं आधीच्या वर्षांत जातं आणि फंडाचे ५४ लाख अगदी शेवटी येतात. महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या ५४ लाखांची किंमत आजच्या १७ लाखांएवढी. वेगवेगळ्या वर्षांतले रुपये एकाच ओळीत मांडून वजाबाकी केली, तर ती आमच्या धंद्यात कुणी पास करत नाही.

‘कर्ज कधीही लवकर फेडू नका’

इथे खरा मुद्दा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ते ५,४२० रुपये एसआयपीत न टाकता दरमहा हप्त्याबरोबर जादा भरले तर काय होतं? दरमहा ४८,८११ जातात आणि कर्ज वीसऐवजी साधारण सव्वापंधरा वर्षांत संपतं. व्याज ५४ लाखांवरून साडेएकोणचाळीस लाखांच्या आसपास येतं. पुढची पावणेपाच वर्षं तेच ४८,८११ रुपये साध्या आवर्ती ठेवीत सहा टक्क्यांनी टाकले तरी विसाव्या वर्षाअखेर सुमारे ३२ लाख हातात असतात. बाजार वर असो की खाली, हा आकडा फारसा हलत नाही.

आता याच्यासमोर एसआयपी ठेवा. शेअरवर चालणाऱ्या फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून. मेसेजमध्ये या कराचं नावही नाही. एकाच वर्षात सगळे पैसे काढले असं धरलं, तर १२ टक्के परतावा मिळाल्यावर कर जाऊन हातात सुमारे ४९ लाख राहतात. १० टक्के मिळाले तर ३८ लाख. ८ टक्के मिळाले तर ३० लाख.

म्हणजे बाजारानं दहा-बारा टक्के दिले तर एसआयपी सरळ जिंकते. मी हे लपवत नाही. आठच दिले तर हप्त्यात जादा पैसे टाकणारा पुढे असतो, आणि मधल्या वीस वर्षांत त्यानं एकदाही फंडाचं ॲप उघडलेलं नसतं.

एक मेख मात्र इथेही आहे. कर्ज संपल्यावर ते ४८,८११ खरंच बाजूला पडायला हवेत. बहुतेक घरांत नेमकी तेव्हाच मुलांची कॉलेजं येतात आणि पैसे त्यात विरघळतात. कर्जदार माणूस आहे, कॅल्क्युलेटर नाही.

तर प्रश्न ‘व्याज वसूल कसं करायचं’ हा नाहीच. ज्याच्या डोक्यावर साडेआठ टक्क्यांचं कर्ज आहे, त्यानं जादा रुपया कर्जात भरला तर त्याला साडेआठ टक्क्यांचा, करमुक्त, खात्रीचा परतावा मिळतो. तोच रुपया त्यानं फंडात टाकला तर त्यानं तो साडेआठ टक्क्यांनी उसना घेऊन बाजारात लावलाय असाच हिशेब होतो. हे करण्यात पाप नाही. तरुण असाल, दोघं कमावते असाल, नोकरी पक्की असेल तर मीही थोडं करीन. फक्त त्याला ‘बिनव्याजी घर’ म्हणू नका. ‘कर्ज काढून शेअर बाजार’ म्हणा, आणि मग आईला विचारून पाहा ती काय म्हणते.

लवकर फेडीचा दंड लागेल ही भीतीही अनेकांच्या मनात असते. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे. आणि लवकर भरलेल्या पैशांचं वजन बघा: वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाअखेर एक लाख जादा भरले तर शेवटचे अकरा हप्ते जातात, म्हणजे पावणेपाच लाखांच्या वर. यातही जादू नाही, साडेआठ टक्क्यांची एकोणीस वर्षांची चक्रवाढच आहे. फक्त ती तुमच्या बाजूनं फिरते.

‘१२ टक्क्यांनी’

एका शब्दात उरकलंय. मेसेजमध्ये १२ टक्के असे लिहिलेत की जणू पासबुकावर छापून येणार आहेत. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१ हजारांना टेकला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात साडेआठ हजारांवर आला. जानेवारी २०२० मध्ये तो ४२ हजारांच्या घरात होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. दोन्ही वेळा तो परत चढला, हे खरं. पण ही दोन वर्षं आठवा. बाजार पडतो तेव्हा नोकऱ्याही जातात, पगार कापले जातात, ओव्हरटाइम बंद होतो. हप्ता चुकवता येत नाही. मग बंद काय होते? एसआयपी. नेमकी ती स्वस्तात युनिट घ्यायची वेळ असते तेव्हा. वीस वर्षं, २४० महिने, एकही न चुकवता हे बोलायला सोपं आहे. आमच्या घरी भिशीचे बारा महिने नीट भरताना नाकी नऊ येतात.

‘साडेआठ टक्के’

हाही दर वीस वर्षांसाठी खिळा ठोकून बसवलाय. फ्लोटिंग दर असा बसत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने देते तो) बाहेरच्या मापाला जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पुढे २०२५ मध्ये तो पुन्हा उतरला, ते वेगळं.

ही वाढ काय करते ते पाहा. सात टक्क्यांनी ५० लाख वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३८,७६५. दर साडेनऊ झाला तर त्याच ५० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याज ३९,५८३. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही मुद्दलाला हात लागत नाही, वर कर्ज वाढतं. तेव्हा अनेकांना फक्त मुदत वाढल्याचा एक एसएमएस आला, तोही न वाचलेला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, आणि स्थिर दराकडे जायचीही सोय ठेवा. तुमचं खातं फ्लोटिंग असेल तर वर्षातून एकदा खातेउतारा काढून उरलेले हप्ते मोजा. कागदावर २०४४ होतं ते २०५१ झालेलं असू शकतं.

‘वर टॅक्सही वाचतो’

हे पटकन. राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. आता नवी पद्धत आपोआप लागू होते, आणि तिच्यात राहत्या घराला ती वजावट नाही. जुनी निवडली आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलात, तरी पहिल्या वर्षी ४ लाख २१ हजार व्याज भरून वाचतात साठ-बासष्ट हजार.

‘मिळेल तेवढं घ्या’

या वाक्यासाठीच सगळा मेसेज लिहिलेला असतो, असं मला वाटतं. खाली एजंटचा नंबर उगाच नसतो.

तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. ५० लाखांचं कर्ज म्हणजे ६२.५ लाखांचा फ्लॅट, साडेबारा लाख आपले. पुणे-पिंपरीत स्टॅम्प ड्युटी सात टक्के, म्हणजे ४ लाख ३७ हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटीचे आणखी तीन लाख. मग सोसायटीचं डिपॉझिट, ग्रिल, किचन ट्रॉली. मेसेजमधलं ‘बिनव्याजी’ घर सुरू व्हायच्या आधीच वीस लाख लागले. ते कुठून येतात?

आत्याच्या मुलाला मी हेच विचारलं. ग्रुपवर नाही, फोन करून. तेव्हा कळलं की आत्याच्या पाटल्या गहाण आहेत आणि वर साडेअकरा टक्क्यांचं चार लाखांचं पर्सनल लोन आहे. बायकोला माहीत होतं, आत्याला पाटल्यांपुरतंच. टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, नाही. अडीअडचणीला बाजूला ठेवलेले पैसे विचारले तर म्हणाला, “पगार आहे ना.”

तर ज्याच्या घरात साडेअकरा टक्क्यांचं कर्ज बसलंय, तो बाहेर बारा टक्के शोधायला निघाला होता. ते कर्ज फेडलं की साडेअकरा टक्के पक्के, कर नाही, जोखीम नाही. असा फंड मला कुणी दाखवला नाही अजून.

आम्ही वहीच्या एका पानावर क्रम लावला. आधी टर्म इन्शुरन्स, निदान कर्जाएवढा. मग तीन हप्ते आणि तीन महिन्यांचा किराणा निघेल एवढे पैसे एफडीत, कारण भिंतीत घातलेला पैसा दवाखान्यात परत काढता येत नाही. (काही बँकांच्या ओव्हरड्राफ्ट प्रकारच्या गृहकर्जात जादा भरलेले पैसे काढता येतात, पण त्याचं तसं नाही.) मग पाटल्या आणि पर्सनल लोन. गृहकर्जाकडे आणि एसआयपीकडे त्यानंतर बघू, निम्मं-निम्मं करू, असं ठरलं.

गेल्या महिन्यात बोनस आला. पाटल्या सुटल्या. उरलेले पैसे पर्सनल लोनमध्ये भरताना त्यानं पुन्हा फोन केला. ॲप विचारत होतं, हप्ता कमी करायचा की मुदत?

“मुदत,” म्हटलं.

“आणि ताई, तो मेसेज ग्रुपवरून काढून टाकू का?”

“राहू दे. त्यातला ५,४२० चा आकडा लिहून ठेव फक्त. हे कर्ज फिटलं की लागेल.”